घाटाची तालीम

मोबाइल उभा केलाय लोणच्याच्या बरणीला टेकवून.
त्यावरची निळी रेघ घणसोलीतून निघते,
पेण, महाड, पोलादपूरपर्यंत शहाण्यासारखी जाते
आणि आंबेनळीच्या घाटात शिरली
की तिची पार चकली होते.

साडेपाच तास, म्हणतोय फोन.
त्याला आईचे गुडघे माहीत नाहीत.
सव्वा तास झाला की त्यांना उतरून उभं राहावं लागतं,
निदान एका झाडाला हात लावून.
बाबांच्या साखरेला भाकरी लागते ती ठरल्या वेळी,
मग समोर दरी असो की टोलनाका.
लाइटबिलाच्या पाठीवर मी लिहिते : साडेआठ.

हॉटेलवाल्याला विचारलं, पायऱ्या किती?
म्हणाला, मॅडम, व्ह्यू एक नंबर आहे.
परत विचारलं.
फोन तसाच ठेवून मोजायला गेला बिचारा,
धापा टाकत आला : अकरा.
आणि बाथरूममध्ये धरायला दांडी?
लावून ठेवतो, म्हणाला, तुमच्या नावाने.
आमच्या खानदानात कुणाच्या नावाने
ना रस्ता, ना चौक.
आता एक दांडी असेल.

आई म्हणते, लिंबं घे, आवळासुपारी घे,
पिशव्या घे, पन भोकाच्या नको.
वऱ्हाडाच्या टेम्पोशिवाय
ती इतकी लांब कधी गेलेली नाही.
फोटो दाखवले तर चष्मा वर सारून बघितले,
आणि विचारलं एवढंच :
मे महिन्यात तिथं करवंदं मिलतील ना?

बाबा काही बोलत नाहीत.
बावीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीवर डंपर चालवला त्यांनी.
मोतीबिंदूनंतर लायसन कपाटात, आईच्या शालूखाली.
घाटात गाडी मी चालवणार असं ठरलं
तेव्हा उठले
आणि भरलेली टाकी भरलीय का
ते बघायला गच्चीवर गेले.

म्हणून मग रविवारी सकाळी तालीम.
बेलापूरचा पारसिक डोंगर, चढ बरा, रहदारी नाही.
बाबा माझ्या शेजारी, आई मागे,
मांडीवर पिशवी आधीच उघडी धरून.
उतरताना दुसऱ्या वळणावर मी घाबरले,
आणि दिसलं, त्यांचा उजवा पाय
पायपुसण्यावर ब्रेक दाबतोय.
अगदी जोर लावून.
मग हळू म्हणाले,
"दुसऱ्यावर टाक. डोंगर ब्रेकनं नाय उतरत, बाय,
गिअरनं उतरतो."

त्याआधी वर थांबलो होतो थोडा वेळ.
एका बाजूला खाडी, धुक्यात की धुरात कोण जाणे,
दुसऱ्या बाजूला डोंगराची उभी कापलेली कूस,
जांभळट, उघडी,
तिच्यात मध्येच उगवलेलं एक उंबराचं रोप.
बाबा तिकडेच बघत होते.
"रोजच्या सात फेऱ्या," म्हणाले.
"हायवे, ती टावरं, तुझी शाला..."
बोटाने दाखवत गेले,
मग बोट खिशात घातलं.

गाडीत बसल्यावर पट्टा सापडेना.
तो शोधता शोधता, माझ्याकडे न बघता :
"तिथला डोंगर आख्खा हाय ना?"

मी हो म्हणाले. मला माहीत नव्हतं.
मागून आई म्हणाली,
"असंल. येवरा लांब कोन जानार फोराया!"

घरी येऊन साडेआठ खोडले, नऊ केले.
तो अर्धा तास कशासाठी, लिहिलं नाही.

संध्याकाळी खिडकीतून बघते तर
बाबा खाली, पार्किंगमध्ये,
बादली, जुना वर्तमानपत्राचा बोळा,
आणि गाडीची फक्त डावीकडची पुढची काच.
बाहेरून पुसली.
मग दार उघडून, आत बसून,
आतून.